३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५ : पंचवीस पायऱ्यांची संख्या

खाडीकाठ

२२ डिसेंबर हा रामानुजनचा जन्मदिवस, म्हणून राष्ट्रीय गणित दिन. दापोलीपासून मालवणपर्यंत कुठल्याही शाळेत त्या दिवशी भिंतीवर ६१७४ (कापरेकरांचा स्थिरांक) आणि १४२८५७ (१/७ च्या दशांशात फिरून फिरून येणारे अंक) असणारच. दोन्ही गुणी आहेत, पण दरवर्षी तेच. यंदा वऱ्हांड्याच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत टांगता येईल अशी एक संख्या सुचवतो. वर शीर्षकात दिलीच आहे.

अंक २५. डावीकडून एकेक अंक उघडत जायचं.

३ ला १ ने भाग जातो (यात काय विशेष नाही).
३६ ला २ ने.
३६० ला ३ ने.
३६०८ ला ४ ने.
३६०८५ ला ५ ने.
३६०८५२ ला ६ ने.
३६०८५२८ ला ७ ने, भागाकार ५१५५०४.
३६०८५२८८ ला ८ ने, भागाकार ४५१०६६१.

असं करत करत शेवटी अख्ख्या २५ अंकी संख्येला २५ ने. कुठेही बाकी उरत नाही. आणि खरी गंमत पुढेच आहे: असा गुण असलेली २५ अंकी संख्या दशमान पद्धतीत ही एकच, आणि २६ अंकी एकही नाही. इंग्रजीत या जातीला पॉलिडिव्हिजिबल म्हणतात. मराठीत रुळलेला शब्द नाही, या धाग्यापुरतं 'पायरीभाज्य' म्हणू.

टांगायचं सामान: ए-फोर आकाराचे २५ जाड पुठ्ठे उभे धरून. रुंदी २१ सेंमी, म्हणजे ५२५ सेंमी. मध्ये दोन-दोन सेंमीची फट धरली तर पावणेसहा मीटरच्या आसपास. सुंभ आठ मीटर घ्या, गाठींना लागतो. कुठला अंक किती वेळा रंगवायचा ते असं: ० पाच, २ दोन, ३ तीन, ४ एक, ५ तीन, ६ चार, ७ दोन, ८ पाच. १ आणि ९ एकही नाही. अंकांची बेरीज ११०.

देवगडी_कलम

संख्या आवडली. वाचायची कशी ते मुलं पहिल्यांदा विचारणार, तेव्हा तयारी हवी. 'लीलावती'तली दशगुणोत्तर नावं एकं, दहं, शतं करत परार्धाला संपतात. परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं. ही संख्या त्याच्याही पुढची, म्हणून दोन तुकडे करावे लागतात: ३६०८५२८८ परार्ध आणि उरलेले ५०३६८४००७८६०३६७२५. तोंडाने म्हणायचं तर तीन कोटी साठ लाख पंच्याऐंशी हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी परार्ध आणि वर थोडंसं. हे 'थोडंसं' म्हणजे पुन्हा अर्धा परार्ध!

आणि परार्धांचा जो आकडा आला, तो नेमका पहिल्या आठ अंकांचा. त्याला ८ ने भाग जातो हे वर आलंच आहे.

सुरुबन

एक शंका. १ ते २५ या सगळ्यांनी या संख्येला भाग जातो असंच ना? मग शेवटी ० का नाही? १० ने भाग जायचा तर शेवटी शून्य पाहिजे.

खाडीकाठ

नाही, इथेच बहुतेक जण घसरतात. भाग तुकड्यांना जातो, अख्ख्या संख्येला नाही. १० ने भाग पहिल्या दहा अंकांना जातो, ३६०८५२८८५० ला, आणि तिथे शेवटी शून्य आहे. अख्खी संख्या तर विषम आहे. तिच्या अंकांची बेरीज ११०, म्हणजे ३ ने भाग नाही. ७ ने भागलं तर बाकी ५, ११ ने १०, १३ ने ९, १७ ने १४, १९ ने १७, २३ ने २. थोडक्यात, २ ते २४ यांतल्या फक्त ५ ने या संख्येला भाग जातो. पुठ्ठ्यांखाली पाटी लिहिताना 'या संख्येला १ ते २५ ने भाग जातो' असं कुणी लिहिलं तर पाहुण्यांपैकी एखादा निवृत्त मास्तर उभ्या उभ्या पाटी उतरवायला लावेल.

१ ते २५ सगळ्यांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या हवी असेल तर तो लसावि. तो २६७७११४४४००. फक्त ११ अंकी. ते वेगळं गणित.

जांभ्या_मास्तर

तपासणी हाताने कशी करायची ते सविस्तर लिहितो, कारण प्रदर्शनात 'कॅल्क्युलेटरवर बघा' म्हटलं की मजा गेली.

सोप्या पायऱ्या आधी उरकू. २, ४, ८, १६ साठी शेवटचे अनुक्रमे एक, दोन, तीन, चार अंक पाहायचे. १६ व्या पायरीला शेवटचे चार अंक ८४००, भागिले १६ बरोबर ५२५. २४ व्या पायरीला शेवटचे तीन अंक ६७२, ८ ने भाग जातो, आणि तोवरची अंकांची बेरीज १०५, तिला ३ ने जातो. २० व्या पायरीला शेवट ६०. २५ व्या पायरीला शेवट २५. ९ साठी पहिल्या नऊ अंकांची बेरीज ४५, १८ साठी पहिल्या अठरांची ८१ आणि शेवटी सम अंक.

११ साठी विषम स्थानांची बेरीज आणि सम स्थानांची बेरीज. ३६०८५२८८५०३ मध्ये विषम स्थानं: ३+०+५+८+५+३ = २४. सम स्थानं: ६+८+२+८+० = २४. फरक शून्य. २२ व्या पायरीला दोन-दोनचे गट सोपे पडतात: ३६, ०८, ५२, ८८, ५०, ३६, ८४, ००, ७८, ६०, ३६. बेरीज ५२८, म्हणजे ११ × ४८. शेवट सम आहे, झालं.

७ आणि १३ साठी १००१ ची युक्ती. ७ × ११ × १३ = १००१, म्हणून उजवीकडून तीन-तीनचे गट पाडायचे आणि एकाआड एक अधिक-वजा करायचं.
७ वी पायरी: ५२८ − ६०८ + ३ = −७७. जातो.
१३ वी: ३६८ − ८५० + ५२८ − ६०८ + ३ = −५५९ = −१३ × ४३. जातो.
१४ वी: ६८४ − ५०३ + २८८ − ८५ + ३६ = ४२० = ७ × ६०, आणि शेवटी ४. जातो.
२१ वी: ६०३ − ७८ + ८४० − ३६ + ८८५ − ८५२ + ३६० = १७२२ = ७ × २४६. बेरीज ९०, म्हणून ३ नेही जातो.

मुलं चुकतात ती गटांत. गट उजवीकडूनच पाडायचे. डावीकडून पाडले तर १४ व्या पायरीला ३६०, ८५२ असे गट पडतात आणि उत्तर भलतंच येतं. दुसरी चूक म्हणजे ०८५ हा गट ८५० समजून घेणं.

आता उरल्या १७, १९, २३. या तिघांनी शाळेतल्या कसोट्यांची हद्द ओलांडलेली आहे, पण तीच युक्ती मोठ्या गटांवर चालते:
१०००००००१ = १७ × ५८८२३५३, म्हणून १७ साठी आठ-आठचे गट.
१००००००००१ = १९ × ५२६३१५७९, म्हणून १९ साठी नऊ-नऊचे.
१००००००००००१ = २३ × ४३४७८२६०८७, म्हणून २३ साठी अकरा-अकराचे.

१७ वी पायरी: ३ | ६०८५२८८५ | ०३६८४००७. म्हणजे ३६८४००७ − ६०८५२८८५ + ३ = −५७१६८८७५, आणि हे −१७ × ३३६२८७५.
१९ वी: ३ | ६०८५२८८५० | ३६८४००७८६. फरक −२४०१२८०६१ = −१९ × १२६३८३१९.
२३ वी: ३ | ६०८५२८८५०३६ | ८४००७८६०३६७. उत्तर २३१५४९७५३३४ = २३ × १००६७३८०५८.

तिन्ही ठिकाणी डावीकडे एकटा ३ उरतो. हा योगायोग नाही. १७ म्हणजे दोन आठ आणि एक, १९ म्हणजे दोन नऊ आणि एक, २३ म्हणजे दोन अकरा आणि एक.

सुरुबन

मास्तर, १७ ची युक्ती पहिल्यांदा पाहिली. तीन-तीनच्या गटांनी १७ तपासता येत नाही का?

जांभ्या_मास्तर

नाही. १००१ ला १७ ने भाग जात नाही (१७ × ५८ = ९८६, बाकी १५). गट किती अंकांचा हवा ते १०, १००, १००० असे पुढे जात कुठे बाकी −१ (म्हणजे भाजकापेक्षा एकने कमी) येते त्यावर ठरतं. १७ साठी ते पहिल्यांदा आठव्या घाताला घडतं, त्याआधी नाही.

गजालीवालो

ह्यां सगळां बरां आसा. पण माका एक सांगा, सव्वीसावो आकडो कित्याक गावणा नाय? आणि पंचवीसच कित्याक, तीस कित्याक नाय?

खाडीकाठ

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तीन ओळींचं आहे. अख्ख्या संख्येला १३ ने भागलं तर बाकी ९. पुढे एक शून्य जोडलं की बाकी ९० ची, म्हणजे १२. १३ ने भाग जायला आणखी १ हवा. म्हणजे एककाच्या जागी १ ठेवला तर १३ ने भाग जाईल. पण आपल्याला २६ हवाय आणि १ ठेवला की संख्या विषम. पुढचा चालणारा आकडा १४, आणि तो एका घरात मावत नाही.

दुसऱ्या प्रश्नाला जरा जास्त लिहावं लागेल.

समजा n−१ अंकी पायरीभाज्य संख्या हातात आहे. पुढे कुठला तरी अंक जोडून n ने भाग जायला हवा. जोडायला ० ते ९ असे दहा अंक, आणि भागाकाराच्या बाकीचे प्रकार n. n दहाच्या आत असेल तर निदान एक अंक नक्की सापडतो, कधी दोन-तीनही. म्हणून पहिल्या दहा पायऱ्यांत कुणीच अडत नाही. ११ पासून पुढे जास्तीत जास्त एकच अंक चालतो, आणि तो १० किंवा त्याहून मोठा निघाला की ती संख्या तिथेच संपते. सरासरी धरली तर दर पायरीला १०/n एवढ्याच पुढे जातात.

त्यामुळे n अंकी पायरीभाज्य संख्या अंदाजे ९ × १० चा (n−१) वा घात, भागिले n! (म्हणजे १ पासून n पर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार). प्रत्यक्ष मोजणी अशी आहे, एक अंकीपासून २५ अंकीपर्यंत क्रमाने:

९, ४५, १५०, ३७५, ७५०, १२००, १७१३, २२२७, २४९२, २४९२, २२२५, २०४१, १५७५, ११३२, ७७०, ५७१, ३३५, १८०, ९०, ४४, १८, १२, ६, ३, १.

एकूण २०४५६. अंदाज आणि मोजणी जवळ जवळ चालतात: ९ अंकांना अंदाज २४८०, प्रत्यक्षात २४९२. २० अंकांना अंदाज ३७, प्रत्यक्षात ४४. २५ ला अंदाज ०.५८, प्रत्यक्षात १. २६ ला ०.२२, प्रत्यक्षात काही नाही. म्हणजे ही २५ अंकी संख्या असणं हे थोडंसं नशिबाचंच. नसती तरी कुणाला आश्चर्य वाटलं नसतं.

मोजणीतल्या दोन जागा बघा. ९ आणि १० अंकी सारख्याच, २४९२. कारण दहाव्या जागी ० सोडून काही चालत नाही आणि ० नेहमीच चालतो. पण १९ अंकी ९० वरून २० अंकी एकदम ४४. तिथे विसावा अंक ० आणि एकोणिसावा सम असावा लागतो. विषम शेवट असलेल्या निम्म्या तिथेच गळतात.

गजालीवालो

आता समाजलां. चौदा मावणा नाय तां एकदम फस्क्लास.

रापणवाला

२४ अंकी तीन आहेत म्हणता, त्या तीनही देतो, म्हणजे एकमेवपणाचा शेवटचा टप्पा फळ्यावर दाखवता येईल:

१४४४०८६४५०४८२२५६३६६०३८१६
३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२
४०२८५२१६८०७२९००८२८००९२१६

पुढे २५ ने भाग जायचा तर शेवटचे दोन अंक ००, २५, ५० किंवा ७५ हवेत. पहिली आणि तिसरी ६ वर संपतात, म्हणजे पुढे ६० ते ६९ यांतलं काहीतरी येणार. दोघी बाद. मधली २ वर संपते, २५ होतं. संपलं. पाचवीच्या मुलालाही पटेल.

आता संगणकाबद्दल, कारण धागा वाचून कुणीतरी आज रात्री एक्सेल उघडणारच.

एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपतं. ही संख्या घरात टाकली की ३६०८५२८८५०३६८४० च्या पुढे सगळी शून्यं होतात. आणि इथे एक लबाडी आहे: आपला सोळावा अंक मुळातच ० आहे. त्यामुळे सोळाव्या पायरीपर्यंत सगळं बरोबर दिसतं, आणि १७ वर गाडी घसरते. लोकांना वाटतं संख्याच चुकीची आहे. घराचा प्रकार आधी 'टेक्स्ट' करा आणि मग संख्या टाका, निदान अंक तरी टिकतील. भागाकार मात्र त्या घरावर थेट होणार नाही.

ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येलाही हीच अडचण. तिथे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचे पूर्णांक खात्रीचे. १७ अंकी तुकडा ३६०८५२८८५०३६८४००७ दिलात तर आत शेवटच्या ७ चा ८ होऊन बसतो, कारण एवढ्या मोठ्या ठिकाणी फक्त ८ च्या पटीतल्या संख्याच साठवता येतात. बिगइंट (कितीही मोठे पूर्णांक ठेवणारा प्रकार) वापरा. पायथनमध्ये पूर्णांकाला लांबीची मर्यादा नाही, तिथे काहीच करावं लागत नाही. फक्त भागाकाराला तिरकी रेघ एकदाच देऊ नका, त्याने दशांश संख्या तयार होते आणि पुन्हा तोच घोळ. बाकी काढायचं चिन्ह, म्हणजे टक्क्याचं, थेट वापरा.

सगळ्या २०४५६ शोधायच्या असतील तर रीत अशी. १ ते ९ ची यादी घ्या. दर पायरीला यादीतल्या प्रत्येक संख्येला १० ने गुणा, n ने भागून बाकी काढा. n मधून बाकी वजा करा, उत्तर n च आलं तर ० धरा. हा सर्वांत लहान चालणारा अंक. तो ९ च्या आत असेल तर जोडा. त्यात n मिळवूनही ९ च्या आत राहत असेल तर तोही जोडा, आणि असंच पुढे. यादी कधीच २४९२ च्या वर जात नाही, त्यामुळे जुन्या मोबाइलवरसुद्धा क्षणात होतं. २५ अंकी सगळ्या संख्या एकामागून एक तपासायला बसलात तर मात्र या जन्मात नाही.

दर वेळी सर्वांत लहान अंक घेत गेलं तर? १, १०, १०२, १०२०, १०२००, १०२०००, १०२०००५, १०२०००५६, १०२०००५६४, १०२०००५६४०, १०२०००५६४०५. इथे १२ व्या पायरीला गचकन थांबतं. ४ साठी शेवटी २ किंवा ६ हवा, ३ साठी १, ४ किंवा ७. जमणारा पहिला आकडा १०.

सुरुबन

पंचवीस पुठ्ठे पाचवी-सहावीला जड होतील. लहान काही आहे का?

मुरुड_खारेपाट

आहे, आणि माझ्या मते वर्गात करायला तीच जास्त चांगली. १ ते ९ हे अंक प्रत्येकी एकदाच वापरून नऊ अंकी पायरीभाज्य संख्या करा. उत्तर एकच: ३८१६५४७२९. शोधायला कागद-पेन्सिल आणि एक तास पुरतो. उत्तर आधी सांगू नका.

पाचव्या जागी ५ च, कारण ० नाही. सम जागी सम अंक, म्हणून उरलेल्या विषम जागी १, ३, ७, ९. तिसरा-चौथा अंक मिळून ४ ने भाग जायचा आणि तिसरा विषम, म्हणून चौथा २ किंवा ६. सातवा-आठवा मिळून ८ ने भाग जायचा (सहावा सम असल्याने शेकड्याची चिंता नाही), म्हणून आठवाही २ किंवा ६. म्हणजे ४ आणि ८ दुसऱ्या आणि सहाव्या जागी.

पहिल्या तिघांची बेरीज ३ च्या पटीत, पहिल्या सहांचीही, म्हणून मधल्या तिघांचीही. मधले तीन एकतर २५८ किंवा ६५४. बाकी काही बसत नाही.

२५८ घेतलं तर दुसरा ४, आठवा ६. सातवा १ किंवा ९. पहिला-तिसरा १ आणि ७ च येऊ शकतात, म्हणून सातवा ९. दोनच उमेदवार: १४७२५८९६३ आणि ७४१२५८९६३. ७ व्या पायरीला पहिल्याची बाकी ६, दुसऱ्याची २. दोन्ही गेले.

६५४ घेतलं तर दुसरा ८, आठवा २, सातवा ३ किंवा ७. आठ उमेदवार उरतात. त्यांचे पहिले सात अंक आणि ७ ने भागल्यावरची बाकी: १८९६५४३ (५), ९८१६५४३ (२), ७८९६५४३ (४), ९८७६५४३ (५), १८३६५४७ (६), ३८१६५४७ (०), १८९६५४७ (२), ९८१६५४७ (६).

शून्यवाला एकच. नववी पायरी फुकट मिळते, कारण १ ते ९ ची बेरीज ४५. शेवटी ० जोडला तर दहा अंकीही होते, आणि मग दहाच्या दहा अंक एकदाच.

हीच नजर घेऊन मग मोठ्या संख्येकडे वळा. पाच-पाचच्या जागा बघा: ५, ०, ०, ०, ५. सम जागांवर सगळे सम. आणि तीन-तीनचे गट डावीकडून पाडा: ३६०, ८५२, ८८५, ०३६, ८४०, ०७८, ६०३, ६७२. प्रत्येकाची बेरीज ३ च्या पटीत. शेवटचा ५ एकटा उरतो, त्याला कुणी विचारत नाही.

देवगडी_कलम

कोकणातल्या शाळांसाठी धागा आहे तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं नाव यायलाच हवं. जन्म १९०५, डहाणूचा, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचा उत्तर टोकाचा माणूस. पुढे आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर. ६१७४ त्यांचा, १९४९ चा.

दोन्ही संख्या एका भिंतीवर जोडता येतात. मोठ्या संख्येचे पहिले चार अंक घ्या, ३६०८. उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करा:
८६३० − ०३६८ = ८२६२
८६२२ − २२६८ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४
पाच पायऱ्यांत घरी पोचलो. ०३६८ मधला पुढचा ० सोडू नका, मुलं तो हमखास सोडतात. चारही अंक सारखे नसतील तर कुठल्याही संख्येला जास्तीत जास्त सात पायऱ्या.

हर्षद संख्या हे नावही कापरेकरांचंच: स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी संख्या. आपली मोठी संख्या हर्षद आहे का? बेरीज ११०, शेवट ५, त्यामुळे नाही. पण तिचा नऊ अंकी तुकडा ३६०८५२८८५ आहे. बेरीज ४५, शेवटी ५, ९ नेही जातो.

रापणवाला

कापरेकरांची क्रिया आठ अंकांवर करायला घेतलीत तर 'एकच उत्तर येईल' असं मुलांना सांगू नका. तिथे स्वतःवरच परतणाऱ्या दोन संख्या आहेत, ६३३१७६६४ आणि ९७५०८४२१, आणि शिवाय फेरेही लागतात.

जांभ्या_मास्तर

टांगण्याबद्दल चार गोष्टी, मग मी थांबतो.

पुठ्ठे जाडच घ्या. साध्या कागदावर मागून उजेड आला की ३ हा उलट बाजूने ६ सारखा दिसतो, आणि या संख्येत ३ आणि ६ मिळून सात आहेत. दुपारनंतर खारा वारा सुटतो, तेव्हा वरून एकाच सुंभावर टांगलेले पुठ्ठे गरागरा फिरतात. खालूनही एक दोरी घ्या. चिमट्यांपेक्षा दोन्ही बाजूंना भोकं पाडून सुतळी ओवलेली बरी.

अंक रंगवून झाल्यावर बेरीज ११० आली म्हणजे सगळं बरोबर, असं समजू नका. सगळ्यांत जास्त हरवतो तो मधल्या दोन शून्यांपैकी एक, आणि शून्य हरवलं तरी बेरीज ११० च राहते. पुठ्ठे मोजा, २५ भरले पाहिजेत. एक शून्य पडलं असेल तर १६ व्या पायरीला शेवटी ७ येतो आणि विषम संख्येला १६ ने भाग जात नाही, तिथे पकडता येतं. शेजारचे दोन अंक उलटे लागले तरी बेरीज तीच. समजा २१ वा ३ आणि २२ वा ६ यांची अदलाबदल झाली. तेव्हा ३ ने भाग जातो म्हणून मुलं पुढे सरकतात, पण ७ ने भागलं की बाकी ३ येते. म्हणून २१ व्या पायरीला ७ ची कसोटी गाळू नका.

तुकडा झाकायला उजवीकडून सरकवता येईल अशी चटई लावा. प्रत्येक पुठ्ठ्याच्या खाली त्याचा क्रमांक लहान अक्षरात, वेगळ्या रंगात. क्रमांकही काळ्याच रंगात लिहिले तर लांबून दोन संख्या एकमेकींत मिसळतात.

खाडीकाठ

सगळं पहिल्या पोस्टमध्ये घेतो, सुंभ दुप्पट करतो. शिवाय २५ च्या पुढे एक कोरा पुठ्ठा टांगायचा आणि खडू बांधून ठेवायचा. कुणी १ लिहिला तर त्याला १३ ने भाग देऊन बघायला सांगायचं, आणि मग २ ने.

गजालीवालो

आणि चौदा लिवलो तर?

खाडीकाठ

तर पुठ्ठा मोठा मागेल. द्यायचा नाही.